‘प्रतिलोम’ म्हणजे नेमके काय? मनूचा अर्थ, धम्माचा अर्थ आणि आपला वापर

समाजशास्त्राच्या पुस्तकात ‘अनुलोम विवाह’ आणि ‘प्रतिलोम विवाह’ अशी जोडी असते. परीक्षेला ती दोन गुणांसाठी विचारली जाते. श्रामणेर शिबिरात तोच शब्द पालीच्या रूपात येतो: ‘अनुलोम’ आणि ‘पटिलोम’. पुस्तकात हा शब्द माणसांना वर-खाली लावतो. शिबिरात तोच शब्द दुःखमुक्तीची वाट सांगतो. शब्द एकच, पण अर्थ एकमेकांच्या तोंडावर उभे. म्हणून आपल्या तरुण-तरुणींचा गोंधळ होतो आणि बातमीत, भाषणात, लग्नाच्या बोलणीतही हा शब्द न तपासता वापरला जातो. या लेखात आम्ही त्याची फोड करत आहोत.

शब्दाची फोड

लोम म्हणजे अंगावरचा केस. ‘अनु’ म्हणजे मागोमाग, त्याच दिशेने. ‘प्रति’ म्हणजे समोरून, उलट दिशेने. बैलाच्या पाठीवरून मानेकडून शेपटीकडे हात फिरवला की केस बसतात आणि हात सरळ जातो. हे अनुलोम. शेपटीकडून मानेकडे फिरवला की केस उभे राहतात आणि हाताला अडतात. हे प्रतिलोम. आपल्या भागातल्या सुताराला हे वेगळे सांगायला नको. सागाच्या फळीवर रेषेच्या उलट रंधा मारला की काय होते, ते त्याला ठाऊक असते.

चंद्रपूरच्या लोकांना ‘अनु’ हा उपसर्ग आणखी एका कारणाने ओळखीचा आहे. नागपूरला 14 ऑक्टोबर 1956 रोजी धम्मदीक्षा झाली आणि लगेच 16 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी तेव्हाच्या चांद्यात येऊन दीक्षा दिली. दरवर्षी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर होणाऱ्या सोहळ्याला आपण ‘धम्मचक्र अनुप्रवर्तन दिन’ म्हणतो. त्यातला ‘अनु’ हाच: मागोमाग, त्याच दिशेने.

मुळात म्हणजे हा शब्द दिशेचा आहे. त्यात उच्च-नीच काही नाही. केस कोणत्या बाजूला वळले आहेत, एवढेच तो सांगतो. पण दिशा ठरवायची तर आधी ‘सरळ’ काय, हे कोणीतरी ठरवावे लागते. खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

धर्मशास्त्रातला प्रतिलोम

धर्मशास्त्राने सरळ दिशा अशी ठरवली: वरच्या वर्णाचा पुरुष आणि खालच्या वर्णाची स्त्री. हा अनुलोम विवाह. तो कमी प्रतीचा, पण चालणारा. खालच्या वर्णाचा पुरुष आणि वरच्या वर्णाची स्त्री, हा प्रतिलोम. तो निषिद्ध.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात याची यादीच आहे. क्षत्रिय पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांची संतती सूत. वैश्य पुरुषाची क्षत्रिय स्त्रीपासून झालेली मागध, ब्राह्मण स्त्रीपासून झालेली वैदेह. शूद्र पुरुषाची वैश्य स्त्रीपासून झालेली आयोगव, क्षत्रिय स्त्रीपासून झालेली क्षत्ता आणि ब्राह्मण स्त्रीपासून झालेली चांडाळ. या चांडाळाला मनू माणसांतला सर्वांत अधम ठरवतो. पुढे त्याच अध्यायात त्याने कसे जगावे हे येते: गावाबाहेर राहावे, मेलेल्यांचे कपडे वापरावेत, फुटक्या भांड्यात खावे, दागिने लोखंडाचे घालावेत.

इथे दोन गोष्टी नीट पाहिल्या पाहिजेत. पहिली, यादीत माणसाचा गुन्हा कुठेच नाही. त्याचे आईवडील कोणत्या दिशेने एकत्र आले, एवढ्यावरून त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांचे घर, कपडे आणि ताट ठरते. दुसरी, ही दिशा पुरुषावरून मोजली जाते. स्त्रीला शेत आणि पुरुषाला बी मानणारा विचार मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे. शेताची मालकी वरच्याने घेतली तर चालते, खालच्याने घेतली तर चालत नाही. स्त्रीने स्वतः कोणाला निवडले, हा प्रश्नच या हिशेबात येत नाही. म्हणून प्रतिलोम हा शब्द जितका शूद्र-अतिशूद्रांना दाबणारा आहे, तितकाच स्त्रीच्या निवडीला कुलूप लावणारा आहे.

हा शब्द कोर्टातही चालला

ही सगळी जुन्या पोथ्यांतली गोष्ट आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. इंग्रजांच्या काळात कोर्टे हिंदू कायदा लावताना धर्मशास्त्राचाच आधार घेत. मुंबई हायकोर्टाने 1912 साली शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांचा विवाह प्रतिलोम म्हणून अवैध ठरवला. त्याच हायकोर्टाने 1922 साली वैश्य पुरुष आणि शूद्र स्त्री यांचा विवाह अनुलोम म्हणून वैध ठरवला. दोन्ही जोडपी वेगवेगळ्या वर्णांचीच. फरक फक्त दिशेचा. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि मुंबई हायकोर्टाच्या कक्षेत येत नव्हता. पण हिंदू कायद्यावरचे असे निकाल इतर प्रांतांतही दाखल्यासाठी वाचले जात.

हे कुलूप कायद्याने तुटले ते स्वातंत्र्यानंतर. 1949 च्या हिंदू विवाह वैधता कायद्याने जात किंवा पोटजात वेगळी आहे, एवढ्या कारणावरून विवाह अवैध ठरणार नाही असे सांगितले आणि आधी झालेल्या विवाहांनाही ते संरक्षण दिले. 1954 चा विशेष विवाह कायदा आणि 1955 चा हिंदू विवाह कायदा त्यानंतर आले. 1955 चा कायदा बौद्धांनाही लागू आहे. यांपैकी कोणत्याही कायद्यात विवाहाची वैधता ठरवताना अनुलोम की प्रतिलोम, हा प्रश्न उरत नाही.

कायद्याच्या पुस्तकातून शब्द गेला, पण त्याचा हिशेब गेला नाही. 2013 साली अहमदनगर जिल्ह्यातील सोनईत आणि 2014 साली त्याच जिल्ह्यातील खर्ड्यात जी हत्याकांडे झाली, त्यांत मारले गेलेले तरुण दलित होते आणि रागाचे कारण वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी जोडले गेलेले नाव हे होते. मारणाऱ्यांनी मनुस्मृती वाचली असेल असे नाही. पण कोणत्या दिशेचे नाते खपवून घ्यायचे आणि कोणत्या दिशेला कुऱ्हाड उचलायची, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

बाबासाहेबांनी काय दाखवले

1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात बाबासाहेबांनी सांगितले की, जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचे मर्म आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली तो कोंडवाडा टिकवण्यासाठी कशा कामाला आल्या, हेही त्यांनी तिथे दाखवले. 1936 च्या ‘जातीचे निर्मूलन’ या भाषणात त्यांनी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय म्हणून मांडला आणि लगेच पुढची पायरी सांगितली: लोक जात पाळतात ते शास्त्रांना पवित्र मानतात म्हणून. त्यामुळे घाव शास्त्रांच्या अधिकारावर घातला पाहिजे. त्याआधीच, 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते.

मनूच्या मिश्र जातींच्या यादीचीही त्यांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये चिरफाड केली. देशभरातील चांडाळ गणल्या गेलेल्यांची प्रचंड संख्या ब्राह्मण स्त्रिया आणि शूद्र पुरुष यांच्या संबंधांतून आली असे मानले, तर साधे गणितच जुळत नाही, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे मनूने लोकसमूह आधी पाहिले, त्यांना खाली ढकलायचे ठरवले आणि कारण म्हणून प्रतिलोमाची वंशावळ मागाहून चिकटवली. प्रतिलोम हा इतिहास नाही, तो आरोप आहे. ‘आपले पूर्वज कोण?’ याचे उत्तर शोधणाऱ्या प्रत्येक तरुणाने हे वाक्य लक्षात ठेवावे.

बाबासाहेबांचा स्वतःचा दुसरा विवाह 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने झाला. शारदा कबीर सारस्वत ब्राह्मण घराण्यातल्या. धर्मशास्त्राच्या फूटपट्टीवर हा विवाह कुठे बसला असता, हे वेगळे सांगायला नको. राज्यघटनेचा मसुदा तयार करणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी ती फूटपट्टी विचारातही घेतली नाही. पुढे त्याच सविता आंबेडकर म्हणून 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांबरोबर दीक्षेला उभ्या होत्या.

पालीतला पटिलोम: अर्थ एक नाही, दोन

आता आपल्या घरातला अर्थ. पाली वाङ्मयात ‘पटिलोम’ दोन प्रकारे येतो आणि अनेकांची चूक इथेच होते.

पहिला अर्थ, साधा उलट क्रम. श्रामणेराला दीक्षेच्या वेळी शरीराचे पाच भाग शिकवले जातात: केसा, लोमा, नखा, दन्ता, तचो. म्हणजे डोक्याचे केस, अंगावरचे केस, नखे, दात, त्वचा. हे अनुलोम. मग तचो, दन्ता, नखा, लोमा, केसा. हे पटिलोम. यादी तीच, फक्त शेवटाकडून सुरुवातीकडे. योगायोग असा की, ज्या ‘लोम’वरून हा शब्द आला, तो या यादीत दुसराच आहे. दीघ निकायातील महानिदान सुत्ताच्या शेवटी आठ विमोक्षांबद्दल हाच अर्थ आहे: सरळ क्रमाने, उलट क्रमाने आणि दोन्ही क्रमांनी त्यांत प्रवेश करणारा भिक्खू.

दुसरा अर्थ खोल आहे. उदान ग्रंथातील पहिली तीन सुत्ते उरुवेलेला, बोधिवृक्षाखाली घडतात. संबोधी प्राप्त झाल्यानंतर भगवान बुद्ध सात दिवस एकाच आसनावर होते. त्यानंतर रात्रीच्या पहिल्या भागात त्यांनी प्रतीत्यसमुत्पादाचे अनुलोम चिंतन केले, मधल्या भागात पटिलोम आणि शेवटच्या भागात दोन्ही. अनुलोम म्हणजे दुःख कसे उभे राहते: अविद्येमुळे संस्कार, संस्कारांमुळे विज्ञान, पुढे नामरूप, सहा आयतने, स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान, भव, जाति आणि मग जरा, मरण, शोक.

मग पटिलोम म्हणजे हीच यादी मरणापासून अविद्येपर्यंत उलटी म्हणणे? नाही. इथे पटिलोमाची सुरुवातही अविद्येपासूनच होते. अविद्येचा पूर्ण निरोध झाला की संस्कारांचा निरोध, संस्कारांचा निरोध झाला की विज्ञानाचा निरोध, असे करत दुःखाच्या साऱ्या ढिगाचा निरोध. क्रम बदलत नाही, कार्य बदलते. जे उभे राहत होते ते आता विझते. म्हणजे इथे उलट याचा अर्थ ‘उरफाटे’ नव्हे. उलट म्हणजे कारणच काढून घेणे.

जाता जाता एक सावधगिरी. या साखळीतील अकरावी कडी ‘जाति’ आहे आणि पालीत तिचा इथला अर्थ जन्म असा आहे, जातिव्यवस्था नव्हे. भाषणात टाळी मिळते म्हणून ‘बुद्धांनी प्रतीत्यसमुत्पादात जातीचा निरोध सांगितला’ असे म्हणू नये. जातिव्यवस्थेविरुद्ध भगवान बुद्ध काय म्हणाले, ते इतरत्र स्पष्ट आहे. त्यासाठी शब्दांची ओढाताण करायची गरज नाही.

जवळचे दोन शब्दही ठाऊक असावेत. अभिधम्मातील पट्ठान ग्रंथात अनुलोमाची जोडी पटिलोमाशी नाही, ‘पच्चनीय’ या शब्दाशी आहे. तिथे अर्थ नकारात्मक पद्धत असा. आणि प्रवाहाच्या उलट जाणाऱ्याला पालीत ‘पटिसोतगामी’ म्हणतात. चळवळीच्या भाषणात ‘प्रवाहाविरुद्ध पोहणारे’ म्हणायचे असेल, तर आपला खरा शब्द हा आहे.

अस्सलायन सुत्त: दोन्ही दिशांना एकच उत्तर

जातीच्या बाबतीत बुद्धांनी दिशेचा हिशेब कसा मोडला, हे पाहायचे असेल तर मज्झिम निकायातील 93 वे अस्सलायन सुत्त वाचावे. अस्सलायन हा श्रावस्तीतला सोळा वर्षांचा हुशार ब्राह्मण तरुण. ब्राह्मणच श्रेष्ठ वर्ण, हा दावा घेऊन मोठ्या ब्राह्मणांनी त्याला वादासाठी पुढे केले.

त्या संवादात भगवान बुद्ध त्याला विचारतात: क्षत्रिय तरुण आणि ब्राह्मण कन्या यांना मुलगा झाला, तर तो कोणासारखा? अस्सलायन सांगतो, आईसारखा आणि वडिलांसारखाही. त्याला क्षत्रियही म्हणावे, ब्राह्मणही म्हणावे. मग बुद्ध प्रश्न फिरवतात: ब्राह्मण तरुण आणि क्षत्रिय कन्या? उत्तर तेच. मग घोडी आणि गाढव यांचे उदाहरण येते. तिथे खेचर जन्मते, फरक दिसतो. माणसांत तो दिसत नाही.

आता मनूच्या यादीशी ताडून पाहा. पहिली जोडी प्रतिलोम, दुसरी अनुलोम. मनूला पहिल्या जोडीचे मूल सूत म्हणून वेगळे काढावे लागते. सुत्तात दोन्ही मुलांना एकच उत्तर मिळते आणि तेही ब्राह्मण तरुणाच्याच तोंडून. बुद्धांनी प्रतिलोमाची बाजू घेतली नाही, अनुलोमावर टीकाही केली नाही. त्यांनी दोन्ही दिशांतला फरकच नाहीसा केला.

चंद्रपूर-गडचिरोलीत ही फूटपट्टी लागते कशाला?

आपल्या दोन जिल्ह्यांत हा शब्द आणखी उघडा पडतो. 1982 पर्यंत हा एकच जिल्हा होता. चांद्यावर 1751 पर्यंत गोंड राजांचे राज्य होते. आज इथे बौद्ध, गोंड, माडिया, परधान, कोलाम, कुणबी, तेली, ढीवर, बंगाली निर्वासित अशी वस्ती आहे. भामरागड-एटापल्लीतला माडिया चार वर्णांच्या शिडीवर कोणत्या पायरीवर? ज्यांनी किल्ले बांधले ते गोंड कोणत्या? बौद्ध मुलगा आणि गोंड मुलगी यांचे लग्न अनुलोम की प्रतिलोम? उत्तर देता येत नाही. या माणसांनी शिडी बांधलीच नव्हती, किंवा दीक्षा घेऊन ती सोडली आहे.

गोंड समाजात लग्नाचा हिशेब सगा पद्धतीने होतो. चार, पाच, सहा, सात देवांना मानणारे असे गट असतात. एकाच संख्येच्या देवांचे लोक आपसात भाऊबंद. त्यांच्यात लग्न नाही. सोयरीक वेगळ्या सगाशी. इथे ‘वेगळा’ म्हणजे खालचा नव्हे, सोयरा होऊ शकणारा. जमातीबाहेरच्या लग्नावर तिथेही बंधने असतात आणि पंच दंडही लावतात, हे लपवायचे कारण नाही. पण समोरचा वेगळा म्हणजे तो वर किंवा खाली असलाच पाहिजे, ही सक्ती या पद्धतीत नाही.

आणि आपण? शिडी सोडल्याचे सांगूनही लग्न ठरवताना पोटजात विचारणारी घरे आपल्यात आहेत. मुलगा दुसऱ्या समाजातली सून आणतो तेव्हा कौतुक आणि मुलगी दुसऱ्या समाजात जाते म्हणाली की घरात सुतक, हा प्रकार आपल्याकडेही दिसतो. शब्द उच्चारला नाही तरी हिशेब मनूचाच आहे. मुलाला एक नियम आणि मुलीला दुसरा, हीच तर अनुलोम-प्रतिलोमाची व्याख्या.

काही तरुण अभिमानाने ‘आमचे प्रतिलोम लग्न’ असे लिहितात. त्यांचे धैर्य आम्ही जाणतो. पण प्रतिलोम म्हणताना आपण आपसूक कबूल करतो की, एक जण वरचा होता आणि एक खालचा. शिडी उलटी धरली तरी ती शिडीच राहते. धम्मातला पटिलोम कारण विझवायला सांगतो. जातीच्या बाबतीत कारण आहे ती शिडी.

वापरताना

रोजच्या अर्थाने उलट म्हणायचे असेल तर उलट, विरुद्ध, विपरीत हे शब्द आहेत. बोलीत उलटा, उरफाटा आहे. व्याकरणात विरुद्धार्थी, गणितात व्यस्त, प्राणायामात अनुलोमाची जोडी विलोम. यांच्या जागी प्रतिलोम घालू नये.

लग्नाच्या बातमीत, अभिनंदनाच्या फलकावर, परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत ‘आंतरजातीय विवाह’ लिहावे. दोघेही बौद्ध असतील तर पोटजात काढून तेही लिहायचे कारण नाही.

धर्मशास्त्राबद्दल किंवा अत्याचाराच्या कारणांबद्दल लिहिताना प्रतिलोम हा शब्द टाळता येत नाही आणि टाळूही नये. पण तो अवतरणात लिहावा आणि कोणाच्या नजरेतून, ते सांगावे: ‘मनुस्मृती ज्याला प्रतिलोम म्हणते’. परीक्षेच्या उत्तरातही ‘उच्च’ आणि ‘कनिष्ठ’ याऐवजी ‘उच्च मानलेल्या’ आणि ‘कनिष्ठ मानलेल्या’ असे लिहिल्याने गुण कमी होत नाहीत, उत्तर अधिक अचूक होते.

धम्मदेसनेत पटिलोम म्हणताना उलट क्रम सांगायचा आहे की निरोध, ते आधी ठरवावे आणि दुसऱ्या अर्थासाठी ‘निरोधक्रम’ हा सोपा शब्द सोबत द्यावा.

आणि जोडपे अडचणीत असेल, तर शब्दाआधी मदत. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा, जिल्ह्यात विशेष कक्ष आणि चोवीस तासांची हेल्पलाइन असे निर्देश राज्यांना दिले आहेत. जातपंचांनी बहिष्कार टाकला, तर 2016 चा महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. पीडित अनुसूचित जाती-जमातीची आणि आरोपी त्याबाहेरचा असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. या तिन्हींची माहिती प्रत्येक विहारात, प्रत्येक युवा मंडळात कागदावर लिहून लावलेली असावी. पोलीस ठाण्यात जाणाऱ्या जोडप्याबरोबर मंडळातले दोघे तरी असावेत.

एवढे झाले की दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला कोणत्या दिशेचे म्हणायचे, हा प्रश्नच पडणार नाही. ते लग्न असेल, एवढेच.